मॉस्कोहून न निघालेलं पत्र

८ ऑक्टोबर १९२४ च्या रात्री ब्रिटनमधलं पहिलं मजूर सरकार हाउस ऑफ कॉमन्समध्ये ३६४ विरुद्ध १९८ मतांनी हरलं. दुसऱ्या दिवशी संसद विसर्जित झाली आणि २९ तारखेला मतदान ठरलं. त्याच दिवशी, म्हणजे ९ तारखेला, लंडनच्या परराष्ट्र खात्यात हेर खात्याकडून एक कागद दाखल झाला. सरकार आधी पडलं, कागद नंतर आला. हा क्रम सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण त्या कागदानेच आपलं सरकार घालवलं, ही समजूत मजूर पक्षात पुढे कित्येक वर्षं घट्ट होती.

कागद होता एका पत्राची इंग्रजी प्रत. मूळ पत्राची तारीख १५ सप्टेंबर. लिहिणारा ग्रिगोरी झिनोविएव्ह, कम्युनिस्ट इंटरनॅशनलचा म्हणजे कॉमिन्टर्नचा प्रमुख. ते ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीला लिहिलेलं होतं. मजकूर साधारण असा: रशियाशी झालेला करार संसदेत मंजूर व्हावा म्हणून कामगारांना उठवा, मजूर पक्षातल्या सहानुभूतीदारांना कामाला लावा, सैन्याच्या तुकड्यांमध्ये आणि दारूगोळ्याच्या कोठारांत आपली माणसं पेरा, उद्याच्या ब्रिटिश लाल सेनेचे अधिकारी आत्तापासून हेरून ठेवा. करारामुळे लेनिनवादाचा प्रचार इंग्लंडमध्ये आणि वसाहतींमध्ये करणं सोपं जाईल, असंही त्यात होतं. निवडणुकीला तीन आठवडे असताना विरोधकांना याहून सोयीचं पत्र मिळणं कठीण होतं.

रॅमसे मॅकडोनाल्ड तेव्हा पंतप्रधान होते आणि परराष्ट्रमंत्रीही. ही दुहेरी जबाबदारी पुढे त्यांना फार महाग पडली. स्कॉटलंडच्या एका मासेमारीच्या गावात, अविवाहित मोलकरणीच्या पोटी जन्मलेला हा माणूस स्वतःच्या हिमतीवर वर आला होता. हिंदुस्थानात त्यांचं नाव परकं नव्हतं. त्यांनी इथे प्रवास करून पुस्तक लिहिलं होतं आणि १९११ च्या काँग्रेस अधिवेशनाचं अध्यक्षपदही त्यांना देऊ केलं होतं; पत्नीच्या निधनामुळे ते आले नाहीत. चिरोल यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनला गेलेल्या टिळकांनी १९१८-१९ मध्ये ज्या मजूर पक्षाशी मुद्दाम संबंध जोडले, तो हाच पक्ष. जानेवारी १९२४ मध्ये तो प्रथमच सत्तेवर आला, पण बहुमताशिवाय, लिबरलांच्या टेकूवर.

फेब्रुवारीत मॅकडोनाल्डनी सोव्हिएत सरकारला मान्यता दिली. ऑगस्टमध्ये करार केले आणि काही अटींवर कर्जाची हमी देण्याचं कबूल केलं. त्याच सुमारास जे. आर. कॅम्पबेल या कम्युनिस्ट संपादकावर सैनिकांना चिथावल्याचा खटला भरला गेला आणि काही दिवसांतच मागे घेण्यात आला. खटला राजकीय दबावाखाली मागे घेतला, असा विरोधकांचा आरोप होता. त्याच्या चौकशीच्या मागणीवर सरकार हरलं. मॅकडोनाल्ड मॉस्कोच्या मुठीत आहेत, ही भीती सुखवस्तू इंग्रज घरांत आधीच घर करून होती. पत्र बनवणाऱ्याला नवं काही रचावं लागलं नाही. लोक जे मनात धरून बसले होते, त्याखाली त्याने एक सही घातली.

आता याच काळात हिंदुस्थानात काय चाललं होतं ते पाहा. मे १९२४ मध्ये कानपूर बोल्शेविक कट खटल्यात श्रीपाद अमृत डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता यांना चार-चार वर्षांची सक्तमजुरी झाली. डांगे मुंबईचे, पंचविशीतले. गांधी आणि लेनिन यांची तुलना करणाऱ्या त्यांच्या पुस्तिकेमुळे सरकारच्या नजरेत आलेले. ही शिक्षा झाली तेव्हा लंडनमध्ये सत्तेवर मॅकडोनाल्डच होते. ज्या सरकारवर बोल्शेविकांना पाठीशी घातल्याचा आरोप होत होता, त्याच सरकारच्या राजवटीत चार तरुण कम्युनिस्ट तुरुंगात गेले. शिवाय कानपूरचा खटला मुख्यतः कॉमिन्टर्नसाठी काम करणाऱ्या मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पत्रव्यवहारावर उभा होता. टपालात उघडून, नकला करून, पुन्हा बंद करून पुढे पाठवलेली ती पत्रं होती. म्हणजे कॉमिन्टर्नच्या माणसांची खरी पत्रं कशी असतात, हे साम्राज्याच्या हेरयंत्रणेला चांगलं माहीत होतं. लंडनमध्ये मात्र झिनोविएव्हचं पत्र त्यांच्याशी ताडून पाहण्याची तसदी कुणी घेतली नाही.

झिनोविएव्हच्या पत्राची प्रत आली होती रिगाहून. लाटव्हियाची ही राजधानी रशियाच्या दारातच होती, आणि ज्यांना रशियात शिरता येत नव्हतं ते सगळे हेर, वार्ताहर, दलाल तिथे बसून पलीकडची बातमी काढत. १९१७ नंतर देशोधडीला लागलेले झारच्या काळातले अधिकारी रिगा, बर्लिन, रेव्हेल अशा शहरांत विखुरले होते. त्यांच्याकडे पैसा नव्हता. होती ती भाषा, रशियन दप्तराच्या रीतीभातींची माहिती आणि बोल्शेविकांविषयीचा कडवा द्वेष. प्रत्येक देशाच्या हेर खात्याला मॉस्कोची गुप्त कागदपत्रं हवी होती आणि त्यासाठी ते रोख पैसे मोजत होते. मग कागदपत्रं तयार होऊ लागली. एकच कागद दोन-तीन खात्यांना विकला जाई. प्रत्येक खात्याला तो वेगळ्या वाटेने मिळे, आणि दोन ठिकाणांहून आलेली माहिती जुळते म्हणून तो खरा मानला जाई.

ब्रिटिशांना याचा चटका आधीही बसला होता. सप्टेंबर १९२१ मध्ये परराष्ट्रमंत्री लॉर्ड कर्झन, तेच आपले बंगालच्या फाळणीवाले, यांनी सोव्हिएत सरकारला खरमरीत निषेधपत्र धाडलं. हिंदुस्थान आणि आशियात तुम्ही ब्रिटिशांविरुद्ध चिथावणी देता, असा आरोप होता आणि पुरावा म्हणून बोल्शेविक नेत्यांची भाषणं दिली होती. सोव्हिएत परराष्ट्र खात्यातल्या लिटविनोव्हने उत्तरात दाखवून दिलं की हा पुरावा बर्लिनमधल्या एका सोव्हिएतविरोधी बातमीपत्रातून उचललेला बनावट माल आहे. साम्राज्याच्या परराष्ट्र खात्याला मान खाली घालावी लागली. तेव्हा कायमसचिव होते सर आयर क्रो. तीन वर्षांनी झिनोविएव्हचं पत्र आलं तेव्हाही तेच त्या खुर्चीत होते.

क्रोंचं वागणं मला या सगळ्या कथेत सर्वांत जास्त बोचतं. त्यांना राजकारण खेळायचं नव्हतं. ते कामसू होते, सरळ होते, मॅकडोनाल्डना त्यांच्याविषयी आदर होता. पत्र खरं आहे याची खात्री करा, एवढंच त्यांनी हेर खात्याला सांगितलं. खात्री मिळाली ती डेस्मंड मॉर्टन या अधिकाऱ्याकडून. कम्युनिस्ट पक्षात पेरलेल्या आपल्या एका माणसाने सांगितलंय, की पक्षाच्या मध्यवर्ती समितीची बैठक झाली आणि तीत झिनोविएव्हच्या पत्रावर चर्चा झाली, असं मॉर्टनने कळवलं. क्रोंनी ते पूर्ण विश्वासार्ह मानलं. पण त्या खबऱ्याच्या लेखी अहवालात अशा कुठल्याच पत्राचा उल्लेख नव्हता. आपण नंतर त्याला खोदून विचारलं तेव्हा त्याने हे तोंडी सांगितलं, असं मॉर्टनचं म्हणणं होतं. ज्या पुराव्यावर एका देशाने दुसऱ्या देशाला निषेधपत्र पाठवलं, तो पुरावा एवढाच. मूळ रशियन पत्र ब्रिटनमध्ये कुणीही पाहिलेलं नव्हतं.

मॅकडोनाल्ड तेव्हा प्रचारासाठी गावोगाव फिरत होते. दिवसाला अनेक सभा, प्रवासात झोप, खात्याच्या कागदांच्या पेट्या मागून टपालाने येत. पत्र त्यांनी १६ ऑक्टोबरच्या सुमारास पाहिलं. आधी खरेपणा तपासा, खरं असेल तर निषेधाचा मसुदा तयार करा, असं त्यांनी लिहून कळवलं. खात्याने २१ तारखेला मसुदा पाठवला. तो वेल्समध्ये, त्यांच्या मतदारसंघात त्यांच्या हाती पडला. त्यांना तो पटला नाही, त्यांनी बराचसा नव्याने लिहिला. पण त्याखाली स्वतःची आद्याक्षरं घातली नाहीत. त्यांच्या मते हा दुरुस्त मसुदा होता. पुन्हा नजरेखालून गेल्याशिवाय तो जायचा नव्हता.

तो लंडनला पोहोचला २४ ऑक्टोबरला, शुक्रवारी. तेवढ्यात क्रोंना कळलं की पत्राची प्रत विरोधी हुजूर पक्षाची बाजू घेणाऱ्या डेली मेलकडे गेली आहे आणि उद्या ती छापून येणार. सरकारने हे पत्र दाबून ठेवलं, असा गवगवा मतदानाच्या चार दिवस आधी झाला तर पंतप्रधानांचं काय होईल, हे क्रोंच्या डोळ्यांसमोर आलं. इतकी मोठी दुरुस्ती केली म्हणजे मंजुरी दिलीच, असं त्यांनी धरलं. खात्यातल्या जे. डी. ग्रेगरी यांच्या सहीने निषेधपत्र सोव्हिएत दूत राकोव्स्की यांना गेलं आणि त्याच संध्याकाळी झिनोविएव्हच्या पत्रासह वर्तमानपत्रांनाही दिलं गेलं. पंतप्रधानांना वाचवायला गेलेल्या क्रोंनी आपल्याच हाताने त्या कागदावर सरकारी मोहोर उमटवली. डेली मेलने एकट्याने छापलं असतं तर ते एका पक्षाचं पत्रक म्हणून सोडून देता आलं असतं. आता खुद्द पंतप्रधानांचं खातंच ते खरं मानत होतं.

शनिवारी डेली मेलने ते पानभर ठळक अक्षरांत दिलं. समाजवाद्यांचे धनी यादवी माजवायला निघाले आहेत, असा मथळ्याचा अर्थ. संपादक थॉमस मार्लो यांनी प्रत इतर वर्तमानपत्रांनाही पोचवली होती. मजूर पक्षाचे उमेदवार सभांमध्ये प्रश्नांनी घेरले गेले आणि उत्तर द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. मॅकडोनाल्ड शनिवारी बोलले नाहीत, रविवारी बोलले नाहीत. बोलले ते सोमवारी, २७ तारखेला कार्डिफच्या सभेत. आपल्या खात्याने चूक केली म्हणावं तर सरकार ढिसाळ ठरतं, पत्र खोटं म्हणावं तर मग निषेध कशाचा केला, असा पेच होता. त्यांनी बराच वेळ खात्याच्या कारभाराचा खुलासा केला आणि पत्राविषयी संशय व्यक्त केला. तोवर फार उशीर झाला होता. पोत्यात शिवून समुद्रात फेकल्यासारखं वाटलं, असं त्यांनी आपल्या मंत्रिमंडळाला नंतर सांगितलं.

मॉस्कोहून खंडन तत्काळ आलं, आणि ते ठोस होतं. 'तिसरं कम्युनिस्ट इंटरनॅशनल' असं नाव संघटना कधी वापरतच नाही, कारण कम्युनिस्ट इंटरनॅशनल हेच तिसरं इंटरनॅशनल. झिनोविएव्ह कार्यकारी समितीचे अध्यक्ष. पत्रात त्यांना प्रेसिडियमचे अध्यक्ष केलं होतं. १५ सप्टेंबरला ते मॉस्कोत नव्हते, किस्लोव्होड्स्कला विश्रांतीसाठी गेले होते. पत्रावर सही असलेले मॅकमॅनस हे ब्रिटिश पक्षाचेच पुढारी, म्हणजे ते स्वतःच्याच समितीला आज्ञापत्र लिहीत होते. यातली प्रत्येक गोष्ट परराष्ट्र खात्यातल्या एखाद्या कारकुनाला अर्ध्या दिवसात तपासता आली असती. पण सोव्हिएत सरकारच्या शब्दावर ब्रिटनमध्ये कोण विश्वास ठेवणार? खोटं बोलण्याबद्दल बदनाम असलेल्या माणसावर खोटा आळ घेतला तर तो पचतो, हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. आणि कॉमिन्टर्न अशा सूचना देशोदेशी पाठवत होतंच. हे विशिष्ट पत्र तेवढं त्यांनी पाठवलं नव्हतं.

निवडणुकीत हुजूर पक्षाला चारशेहून जास्त जागा मिळाल्या. मजूर पक्ष १९१ वरून १५१ वर आला. पण मतं पाहिली तर चित्र वेगळं दिसतं. मजूर पक्षाची मतं घटली नाहीत, दहा लाखांनी वाढली. भुईसपाट झाला तो लिबरल पक्ष, १५८ वरून ४० वर. पत्राने घाबरलेला मध्यमवर्गीय मतदार लिबरलांना सोडून हुजूर पक्षाकडे गेला, इतकं म्हणता येईल. तरीही मजूर पक्षाने या पराभवाचं सगळं खापर पत्रावर फोडलं. त्यामुळे एक नुकसान असं झालं की कॅम्पबेल प्रकरण इतकं वाईट का हाताळलं, करार लोकांना नीट समजावून का सांगितले नाहीत, या प्रश्नांना त्या पक्षाने फारसा हात घातला नाही.

सत्ता सोडण्याआधी मॅकडोनाल्ड यांच्या मंत्र्यांच्या समितीने पत्राची चौकशी केली. खरं की खोटं हे तिला ठरवता आलं नाही. बॉल्डविन यांच्या नव्या सरकारने ऑस्टेन चेंबरलेन यांच्या समितीकडे ते सोपवलं आणि काही दिवसांतच निर्णय आला: पत्र खरं आहे, शंकेला जागा नाही. त्याच सुमारास सोव्हिएत करार बाजूला ठेवल्याचं मॉस्कोला कळवण्यात आलं. ब्रिटिश कामगार संघटनांचं शिष्टमंडळ मॉस्कोला गेलं, त्याला कॉमिन्टर्नची दप्तरं दाखवण्यात आली, पत्राचा मागमूस लागला नाही. त्याचा लंडनवर काही परिणाम झाला नाही.

पत्र फोडलं कुणी? हेर खात्यातले आणि हुजूर पक्षातले लोक त्या काळी एकाच वर्तुळात वावरत. एकाच शाळा, एकाच पलटणी, एकाच क्लबांत जेवणं. पत्राच्या प्रती सैन्याच्या विभागीय कार्यालयांतही गेल्या होत्या, त्यामुळे ते पाहिलेली माणसं बरीच होती. आपल्याला एका जुन्या विश्वासू मित्राचा निरोप आला, एवढंच मार्लोंनी १९२८ मध्ये सांगितलं. संशय ज्यांच्यावर राहिला त्यांत मॉर्टन आहेत, स्ट्युअर्ट मेन्झीज आहेत, जोसेफ बॉल आहेत. मेन्झीज पुढे परदेशी हेर खात्याचे प्रमुख झाले. बॉल एमआय-५ हे अंतर्गत हेर खातं सोडून हुजूर पक्षाच्या मध्यवर्ती कचेरीत प्रचाराचं काम पाहू लागले. मॉर्टन दुसऱ्या महायुद्धात चर्चिलच्या कार्यालयात होते. कुणाचंही काही बिघडलं नाही. बिघडलं ते ग्रेगरींचं, आणि तेही वेगळ्याच कारणाने: परकीय चलनाच्या सट्ट्यात अडकल्याबद्दल १९२८ मध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आलं. क्रो एप्रिल १९२५ मध्ये वारले.

पत्र बनवलं कुणी, या प्रश्नाचा माग बर्लिनकडे जातो. तिथे व्लादिमिर ओर्लोव्ह नावाचा झारच्या काळातला तपास अधिकारी बनावट कागदपत्रांचा कारखानाच चालवत होता. १९२९ मध्ये तो पकडला गेला, आणि पकडला गेला तो अमेरिकी राजकारण्यांवरून. बोरा आणि नॉरिस या दोन सिनेटरांनी सोव्हिएतांकडून पैसे घेतल्याचे कागद त्याने एका अमेरिकी वार्ताहराला विकायला काढले. वार्ताहराने ते विकत घेतले, पण छापले नाहीत. आधी तपासले आणि प्रकरण पोलिसांकडे नेलं. निकरबॉकर त्याचं नाव. १९२४ मध्ये लंडनमध्ये जे कुणीच केलं नाही, ते या एकट्या बातमीदाराने केलं.

१९६० च्या दशकात संडे टाइम्सच्या पत्रकारांना ॲलेक्सिस बेलगार्द या परागंदा रशियनाच्या विधवेने सांगितलं की आपल्या नवऱ्याने आणि गुमान्स्की या त्याच्या साथीदाराने बर्लिनमध्ये ते पत्र रचलं होतं. कथा पटण्याजोगी होती, सिद्ध झाली नाही. १९९८ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी खात्याच्या मुख्य इतिहासकार गिल बेनेट यांना सर्व गुप्त दप्तरं उघडून दिली आणि मॉस्कोतली कागदपत्रंही पाहायला पाठवलं. पुढच्या वर्षी त्यांचा अहवाल आला: पत्र बनावट, बहुधा परागंदा रशियनांच्या वर्तुळात तयार झालेलं, ब्रिटिश हेर खात्याने ते रचल्याचा पुरावा नाही, पण हुजूर पक्षाशी लागेबांधे असलेल्या त्या खात्यातल्या लोकांनी ते फोडलं असणं फार संभवनीय. पंचाहत्तर वर्षांनी ब्रिटिश सरकारने अधिकृतपणे हे मान्य केलं.

मजूर पक्षाचा हेर खात्यांवरचा अविश्वास मात्र गेला नाही. युद्धानंतर अॅटली सरकारने १९४६ मध्ये एमआय-५ वर खात्याबाहेरचा माणूस, सर पर्सी सिलिटो हा पोलीस अधिकारी, प्रमुख म्हणून नेमला, त्यामागे १९२४ ची आठवण होती असं मानलं जातं. १९७४ मध्ये, हॅरॉल्ड विल्सन यांचं सरकार असताना, त्यांचे ज्येष्ठ सहकारी एडवर्ड शॉर्ट यांच्या नावावर स्वित्झर्लंडमध्ये खातं असल्याचा कागद फिरू लागला. चौकशीत तो बनावट निघाला.

आपल्याकडे १९२४ चे कागद उलगडले ते चाळीस वर्षांनी. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या करंट साप्ताहिकाने दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली काही पत्रं छापली. कानपूरच्या शिक्षेच्या वेळी डांग्यांनी सुटकेच्या बदल्यात ब्रिटिश सरकारला मदत देऊ केल्याची ती पत्रं होती. डांगे तेव्हा भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष होते. त्यांनी ती बनावट असल्याचं ठामपणे सांगितलं. सहीत 'श्रीपाद' ऐवजी 'श्रीपत' लिहिलंय, याकडे त्यांच्या बाजूच्या लोकांनी बोट दाखवलं. पक्षातल्या विरोधकांनी चौकशी होईपर्यंत डांग्यांनी खुर्ची सोडावी अशी मागणी केली. चीनच्या प्रश्नावरून पक्ष आधीच उभा चिरत चालला होता. ११ एप्रिलला राष्ट्रीय परिषदेतून ३२ सदस्य उठून बाहेर पडले, आणि त्याच वर्षी मार्क्सवादी पक्ष वेगळा झाला. परळ-लालबागच्या ज्या गिरणी कामगारांनी डांग्यांच्या शब्दावर संप केले होते, त्यांनाही या दोन पक्षांमधून एक निवडावा लागला.